आधी घड्याळ, मग हलगी

कोल्हापूर

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

हलगीवरच्या रॅपचा गेम करायचा तुझा विचार मला मनापासून आवडला. १९९६ साली जपानमध्ये प्लेस्टेशनवर आलेल्या 'पारप्पा द रॅपर'ची मांडणी नीट बघ. गुरू ओळ म्हणतो, खेळणारा तीच ओळ बटणं दाबून परत म्हणतो. आपल्याकडे शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी 'जी जी रं जी' करत ती उचलून धरतात. खेळणाऱ्याला झीलकरी कर, तुझ्या गेमचा सांगाडा उभा राहिला. पोशाख, खासबागेचं मैदान, फेट्याचे रंग हे सगळं नंतर.

आधी घड्याळ. वेळ फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं, मोजून काढू नकोस. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, पण स्वस्त फोन मध्येच चार-दोन फ्रेम गाळतो आणि आवाज काही त्याच्यासाठी थांबत नाही. गाणं आत्ता कुठं पोचलंय हे दर फ्रेमला ऑडिओलाच विचार. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी डीएसपीटाइम, म्हणजे ऑडिओचं स्वतःचं घड्याळ, आहे. गोडो या तशाच सॉफ्टवेअरमध्ये प्लेबॅक पोझिशन, म्हणजे गाणं पोचलेली जागा, घे, ऑडिओच्या शेवटच्या मिक्सनंतर गेलेला वेळ त्यात मिळव आणि आउटपुट लेटन्सी, म्हणजे आवाज बाहेर पडायला लागणारा उशीर, वजा कर. फाइल एमपीथ्री नको. ती बनताना सुरुवातीला थोडी शांतता घुसते आणि लूप जोडताना खटका बसतो. ओजीजी किंवा डब्ल्यूएव्ही ठेव.

आता हलगी. वाजवणारा रंगात आला की लय चढते, आणि चढायलाच हवी. ती सॉफ्टवेअरनं सपाट केलीस तर मर्दानी खेळातला तो कडकडाट मरेल. पण अख्ख्या तुकड्याला एकच बीपीएम, म्हणजे मिनिटाला ठोके, लावून चालणार नाही. तू १०० बीपीएम धरलास आणि तो १०१ नं वाजवत असला, तर ६४ ठोक्यांनंतर तुझी खूण, म्हणजे बटण दाबायची ठरवलेली वेळ, ३८० मिलिसेकंद मागं पडते. ठोकाच ६०० मिलिसेकंदांचा, म्हणजे अर्ध्याहून जास्त चूक! दर चार ठोक्यांना हातानं खूण कर आणि त्यावरून लयीचा नकाशा बनव.

रॅपच्या शब्दांना खुणा करताना नवखे हमखास चुकतात. रेकॉर्डिंगच्या आलेखात आवाज जिथं सुरू होतो तिथं ते खूण टाकतात. 'शाहू' म्हणून बघ. 'श'चा सुसकारा आधी निघतो, ठोका मात्र 'आ'वर पडल्यासारखा वाटतो. सुसकाऱ्यावर खूण ठेवलीस तर बरोबर दाबणाराही उशिरा ठरेल. खूण स्वरावर ठेव. 'क', 'ट', 'प' यांना हा त्रास कमी, 'स', 'श'ला सगळ्यात जास्त.

माफीची मर्यादा, म्हणजे किती मागंपुढं दाबलं तरी चालेल, ही लय बघून ठरव. ९० बीपीएमला ठोक्याचा चौथा भाग १६७ मिलिसेकंदांचा. मर्यादा ±९० ठेवलीस तर शेजारच्या दोन खुणांच्या हद्दी एकमेकींत घुसतात आणि एक दाब भलत्याच अक्षराला लागतो. 'उत्तम'ला ±४५ आणि 'चालेल'ला ±८० इथून सुरुवात कर.

ब्लूटूथ इअरफोननं आवाज दोनशे मिलिसेकंदही उशिरा येऊ शकतो. म्हणून हा उशीर मोजून घेणारा जुळवणीचा पडदा पहिल्याच वेळी दाखव, सेटिंगमध्ये लपवू नकोस. डोळे मिटून १६ ठोक्यांवर दाबायला सांग, पहिले चार सोड, उरलेल्यांची सरासरी नको, मधली किंमत घे. एखादा दाब पार चुकला तरी ती बिघडत नाही. चित्राचा उशीर वेगळा मोज. माणसं मुळातच ठोक्याच्या किंचित आधी दाबतात, त्यामुळं आकडा थोडा उणे आला तर घाबरू नकोस.

२०२० च्या 'फ्रायडे नाइट फंकिन' या तालावरच्या गेमचा कोड खुला आहे. गाण्याच्या खुणा फाइलमध्ये कशा साठवल्यात, तेवढं त्यातून वाच.

शाहिराची आणि हलगीवाल्याची लेखी परवानगी रेकॉर्डिंगच्या आधी घे. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण तिन्हींचा त्यात उल्लेख हवा, आणि मानधनाचा आकडाही. ही माणसं तुझ्या गेमचा जीव आहेत.

पहिला तुकडा १६ ठोक्यांचाच कर, चित्राशिवाय, नुसत्या एका बटणावर. तो साध्या फोनवर, वायरच्या इअरफोननं, तालमीतल्या दोघातिघांना खेळायला दे. प्रत्येक दाब किती मिलिसेकंद आधी किंवा नंतर पडला ते फाइलमध्ये लिहून घे आणि ती फाइल मला पाठव.

कळावे,
तुझा दादा