नॉइज काढला, तरी लार्व्यातली केंद्रकं दुप्पट का मोजली जातात?

तुमची अडचण मला समजली ती अशी: भाट्ये खाडीतल्या कालवांचे लार्वा फॉर्मेलिनमध्ये फिक्स केले, डॅपी या चमकणाऱ्या रंगाने रंगवले, कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर एकाखाली एक स्लाइस घेत स्टॅक घेतला. चित्र खरखरीत आलं म्हणून ती खरखर, म्हणजे नॉइज, काढणारं नॉइज-टू-व्हॉइड हे मॉडेल चालवलं, पेशी-केंद्रकं वेगळी ओळखणाऱ्या सेलपोज या सॉफ्टवेअरकडून केंद्रकं मोजून घेतली, आणि आकडा हाताने मोजलेल्याच्या जवळपास दुप्पट निघाला. आता मॉडेल बदलू का, असं विचारताय. इतक्यात नको.

आधी लार्व्याचं पोट बघा. तो शैवाल खातो, आणि डॅपी डीएनएला चिकटतो. तो डीएनए कालवाचा की शैवालाचा याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जादा ठिपके आतड्याच्या वळणात दाटले असतील तर तो नॉइज नव्हे, जेवण आहे, आणि ते कुठलाही फिल्टर काढणार नाही. उलट नॉइज गेल्यावर ते जास्तच ठसठशीत दिसतात. यावर उपाय सोपा आहे. शैवालातलं क्लोरोफिल ६८० नॅनोमीटरच्या आसपास आपसूक लाल चमकतं. रंग न घालता तेवढा एक चॅनल जादा घ्या आणि जिथे लाल तिथली केंद्रकं मोजणीतून वगळा. नमुने अल्कोहोलमध्ये ठेवले असतील तर मात्र क्लोरोफिल धुऊन गेलेलं असतं. पुढच्या खेपेला फिक्स करण्याआधी लार्वा गाळलेल्या पाण्यात उपाशी ठेवा.

आता खऱ्या नॉइजबद्दल. प्रकाश कमी असला की फोटॉनच्या मोजणीतच चढउतार असतो, संख्येच्या वर्गमुळाएवढा. १६ फोटॉन आले तर ४ इकडेतिकडे, म्हणजे २५ टक्के. ६४ आले तर ८, म्हणजे साडेबारा. तुमचे लार्वा हलत नाहीत, मग प्रत्येक स्लाइसची चार वेळा सरासरी घ्या. नॉइज निम्मा होतो आणि त्यात सॉफ्टवेअरची कल्पनाशक्ती मिसळत नाही. रंग किती फिका पडतो तेवढं पाहा. (पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर लेन्सला बुरशी धरते. चित्र सगळीकडेच धुरकट असेल तर आधी ऑब्जेक्टिव्ह तपासून घ्या.)

नॉइज-टू-व्हॉइड एक पिक्सेल झाकतं आणि शेजाऱ्यांवरून त्याचा अंदाज बांधायला शिकतं. शेजारच्या पिक्सेलचा नॉइज स्वतंत्र आहे, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. फाइल मधे कुठे जेपेग झाली किंवा आकार बदलला, तर शेजारी एकमेकांत मिसळतात आणि मॉडेल नॉइजच खरा मानून बसतं. स्कॅनिंगच्या आडव्या पट्ट्या असल्या तरी तेच. म्हणून मायक्रोस्कोपची मूळ फाइलच द्या. २०१८ साली आलेल्या केअर या नॉइज काढणाऱ्या पद्धतीचं तयार मॉडेल उचलायचा मोहही टाळा. ती मॉडेलं चपटकृमी, पिठातला किडा अशा नमुन्यांवर शिकली आहेत. कालवाचा लार्वा त्यांनी पाहिलेला नाही. जिथे माहिती कमी, तिथे ती आपल्या ओळखीची रचना भरतात, आणि ती दिसते फारच सुबक.

साधा त्रिमितीय मीडियन फिल्टर (आसपासच्या पिक्सेलांच्या खिडकीतली मधली किंमत घेणारा) वापरणार असाल तर खिडकीचा आकार म्हणजे जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचा आकार, समजा. तुमचा पिक्सेल ०.२ मायक्रॉनचा, पण स्लाइसमधलं अंतर १ मायक्रॉन. ५ मायक्रॉनचं केंद्रक जेमतेम पाच स्लाइसमध्ये येतं. उभ्या दिशेला खिडकी मोठी ठेवलीत तर एकावर एक असलेली दोन केंद्रकं एक होतील. सेलपोजलाही हे ५:१ प्रमाण सांगावं लागतं. प्रत्येक स्लाइस वेगळी मोजून नीट जोडली गेली नाही, तर एकाच केंद्रकाची दोन होतात. तुमचा जादा आकडा अर्धा पोटातून आणि अर्धा इथून आला असावा असा माझा कयास.

आणि केंद्रकं किती उजळ आहेत हेही मोजायचं असेल, तर कडा स्वच्छ केलेल्या चित्रावरून घ्या, पण उजळपणा मूळ चित्रातूनच वाचा. नंतर स्टॅकमधले दोनतीन छोटे ठोकळे निवडा, एक आतड्याजवळचा, एक कवचाखालचा, आणि ते दुसऱ्या कुणाकडून मूळ चित्रावर हाताने मोजून घ्या. कवचाखाली प्रकाश विखुरतो, तिथे आकडे सर्वांत जास्त घसरतात. ते ठोकळे इथे टाका, मग सेलपोजचा थ्रेशोल्ड, म्हणजे केंद्रक मानायची मर्यादा, किती ठेवायचा ते बघू.