‘शब्द सुचत नाही’ की ‘शब्द आठवत नाही’?

प्रश्न असा : ही दोन वाक्यं एकाच अर्थाची आहेत की त्यांत काही फरक आहे?

फरक आहे. बोलण्याच्या ओघात तो पाळला जात नाही, ही गोष्ट वेगळी. पारख सोपी आहे. समोरच्याने एखादा शब्द पुढे केल्यावर ‘हा चालेल’ किंवा ‘जरा जड वाटतो’ म्हणालात, तर शब्द सुचत नव्हता. ‘हा नाही, हाही नाही... हां, हाच!’ म्हणालात, तर आठवत नव्हता. सुचण्यात निवड असते. आठवण्यात शब्द ठरलेला असतो, त्याचा उच्चार तेवढा हाती लागत नाही.

मनातला कारभारही साधारण असाच चालतो. आधी अर्थ जुळतो, मग शब्द निवडला जातो आणि त्याबरोबर त्याचं लिंग वगैरे व्याकरण येतं. ध्वनी त्यानंतर जुळवले जातात. ओळखीच्या वस्तूचं चित्र पाहिल्यापासून तिचं नाव तोंडातून निघायला लागेपर्यंत सुमारे ६०० मिलिसेकंद जातात. शब्दाची निवड २५०च्या आसपास उरकते. पुढचा वेळ ध्वनी आणि अक्षरं लावण्यात जातो. अडतं ते बहुधा इथेच.

वर्तुळाच्या कडेच्या लांबीला काय म्हणतात, हे आठवत नसताना माणूस म्हणतो, ‘तो हो, तो... प-वरून आहे... परिमिती नव्हे...’ ‘लांबी’ स्त्रीलिंगी, आडवी येणारी ‘परिमिती’ही स्त्रीलिंगी, तरी तोंडातून ‘तो’ निघतो. परीघ निवडून झालेला आहे! इटालियन भाषकांवरच्या १९९७ सालच्या प्रयोगातही शब्द अडलेला असताना त्याचं लिंग बऱ्याचदा बरोबर सांगता आलं होतं. त्याआधी १९६६मध्ये ब्राऊन आणि मॅकनील या मानसशास्त्रज्ञांनी दुर्मीळ शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या, तेव्हा अडलेल्या शब्दाचं पहिलं अक्षर ५७ टक्के वेळा बरोबर आलं.

शब्द निवडणं आणि त्याचं रूप जुळवणं हे दोन टप्पे वेगळे असल्याची खूण मराठीतल्या चुकांतही सापडते. ‘कपाटात चावी ठेव’ म्हणायचं असताना ‘चावीत कपाट ठेव’ निघून जातं. शब्दांची अदलाबदल झाली, पण ‘त’ जागचा हलला नाही, आणि सामान्यरूप नव्या शब्दाला शोभेल असंच झालं. म्हणजे अदलाबदल झाली तेव्हा ‘कपाटात’ हे रूप अजून तयार व्हायचं होतं. अशा चुकीला ‘जीभ घसरली’ म्हणतात, हा जिभेवर अन्यायच. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ मनातल्या मनात म्हणतानाही घोटाळा होतो.

अडलेल्याला मदत करायची तर अर्थ समजावत बसू नका, अर्थ त्याच्याकडे आहेच. पहिलं अक्षर सांगा. आणि स्वतःचा शब्द अडला तर फार वेळ झगडू नका, सरळ विचारा किंवा शोधा. २००८च्या एका प्रयोगात काहींना उत्तर १० सेकंदांनी दिलं, काहींना ३० सेकंदांनी. जास्त ताटकळलेले लोक दोन दिवसांनी त्याच शब्दांवर पुन्हा जास्त अडले. अडखळण्याचाही सराव होतो.

विशेषनामं सर्वांत जास्त अडतात. त्यांच्याबाबतीत ‘नाव आठवत नाही’ असंच म्हणायचं. ‘नाव सुचत नाही’ म्हटलं की बारसं ठरलंय असं वाटतं. आणि ‘अगदी जिभेवर आहे, पण सुचत नाही’ हे कानाला खटकतं. जिभेवर आहे म्हणजे सुचून झालेलं आहे. तिथे ‘आठवत नाही’च हवं.