वाचक विचारतात : हळदीतलं कर्क्युमिन आणि पेशीतलं कॅल्शियम

प्रश्न : एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींत फ्लुओ-४ (कॅल्शियमला चिकटलं की हिरवं चमकणारं रंजक) भरून २० मायक्रोमोलर कर्क्युमिन टाकलं, तर काही सेकंदांतच हिरवी चमक वाढली. कॅल्शियम वाढलं असं प्रबंधात लिहू का? – एमएस्सीची विद्यार्थिनी, औंध

उत्तर : एवढ्यात नको. कर्क्युमिन स्वतःच चमकतं. ते ४२०-४३० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं आणि हिरवट प्रकाश सोडतं. म्हणजे फ्लुओ-४ ज्या खिडकीत पाहायचं, तिथंच याचीही लुडबुड. फ्युरा-२ हे दोन तरंगलांबींवर मोजायचं रंजक घेतलं तरी सुटका नाही. ३४० आणि ३८० नॅनोमीटरला कर्क्युमिन सारखं शोषत नाही, त्यामुळे कॅल्शियम जागचं न हलताही गुणोत्तर बदलू शकतं.

म्हणून आधी रंजक न भरलेल्या पेशींवर तेवढंच कर्क्युमिन टाका, गेन (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) तोच ठेवा. तिथंही चमक वाढली तर तुमचा आलेख निदान काही अंशी हळदीचा आहे. मग कॅल-५९० सारखा तांबडा रंजक वापरा. ऱ्होड-२ टाळा, ते मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसतं.

खरी वाढ दिसली, तर ती कुठून आली ते शोधा. पेशीरसात कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर, बाहेर १-२ मिलिमोलर, आणि पेशीतला मुख्य साठा एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये. तिथं कॅल्शियम परत भरणारा सर्का पंप कर्क्युमिन मायक्रोमोलर मात्रेत मंदावतं. पंप थकला की साठा गळतो. तपासायचं असं : कॅल्शियमविरहित बफरमध्ये ०.५ मिलिमोलर ईजीटीए (उरलंसुरलं कॅल्शियम पकडून ठेवणारं द्रव्य) घालून कर्क्युमिन द्या. तरीही वाढ झाली तर ती आतली. दुसऱ्या खेपेला आधी १ मायक्रोमोलर थॅप्सिगार्गिनने (सर्का पंप बंद पाडणारं द्रव्य) साठा रिकामा करा, चमक खाली आल्यावर कर्क्युमिन द्या. आता काहीच हललं नाही, तर उगम तोच साठा. शेवटी २ मिलिमोलर कॅल्शियम घातल्यावर होणारी उसळी मात्र कर्क्युमिनच्या नावावर मांडू नका. साठा रिकामा झाला की पेशीच्या आवरणातली ओराय नावाची कॅल्शियमची दारं आपोआप उघडतात. प्रत्येक खेपेअंती आयोनोमायसिन (पेशीत कॅल्शियम शिरू देणारं द्रव्य) देऊन रंजक अजून प्रतिसाद देतो याची खात्री करा. त्यासाठी बफरमध्ये कॅल्शियम हवंच.

डीएमएसओ या द्रावकात कर्क्युमिनचं २० मिलिमोलरचं द्रावण करून हजारपट विरळ केलं की डीएमएसओ ०.१ टक्का राहतो. तेवढाच डीएमएसओ नियंत्रण पेशींनाही (ज्यांना कर्क्युमिन देत नाही त्यांना) द्या. बाटली फॉइलमध्ये गुंडाळा. आदल्या दिवशी बफरमध्ये मिसळून ठेवू नका : सीरमविना, शरीराच्या तापमानाला आणि पीएच ७.२ ला अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन मोडतं. सीरम असेल तर टिकतं, पण अल्ब्युमिनला चिकटून मोकळी मात्रा घटते. सीरम होतं की नव्हतं, हे लिहाच. शिवाय एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३ हे पेशीमृत्यू घडवणारं विकर नसतं, त्यामुळे पेशीमृत्यूचे निष्कर्ष पेशींच्या दुसऱ्या वाणावरही पडताळा. वाण गणेशखिंडच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून घेता येतात.

प्रश्न : वडिलांची केमो चालू आहे. रोज हळदीचं दूध आणि मिरीयुक्त कर्क्युमिनच्या गोळ्या देऊ का? – वाचक, कोथरूड

उत्तर : दुधातली चिमूटभर हळद म्हणजे स्वयंपाकातलीच मात्रा. पण वरच्या प्रयोगातली मात्रा रक्तात पोचत नाही. एका चाचणीत रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन देऊनही रक्तातली कमाल पातळी सरासरी २ मायक्रोमोलरच्या आत राहिली. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के धरलं, तर ८ ग्रॅमसाठी पाव किलोहून जास्त हळद लागेल! गोळ्या मात्र स्वतःहून सुरू करू नका. मिरीतलं पायपेरिन यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा रोखतं, त्यामुळे केमोच्या औषधाची पातळी बदलू शकते. गोळ्यांची बाटलीच कर्करोगतज्ज्ञांना दाखवा आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर तेही सांगा, कारण कर्क्युमिनमुळे रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो.