'स्पेल'ला मंत्र म्हणावं का?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या, पात्रांची सोंगं घेऊन खेळायच्या खेळांतल्या 'स्पेल'ला, म्हणजे जादूच्या करामतीला, मराठीत 'मंत्र' म्हणावं का, असा प्रश्न आहे. चालेल, पण मला तो शब्द खटकतो.

आपल्याकडे मंत्राला अधिकार लागतो, दीक्षा लागते, आणि उच्चार चुकला तर तो उलटतो. इंद्राला मारणारा पुत्र हवा म्हणून त्वष्ट्याने 'इन्द्रशत्रु' म्हटलं, स्वर चुकला आणि अर्थ झाला 'इंद्रच ज्याला मारील तो'. त्या पुत्राचा, वृत्राचा, निकाल तिथेच लागला.

खेळात असलं काही होत नाही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीतला 'फायरबॉल' हा आगीच्या गोळ्याचा स्पेल घ्या: पल्ला १५० फूट, स्फोटाची त्रिज्या २० फूट, इजा आठ फाशांची बेरीज, खर्च तिसऱ्या पातळीचा एक स्लॉट, म्हणजे जादू करायच्या मोजक्या संधींपैकी एक. हे तर तोफेचं माहितीपत्रक झालं! साहित्यही बघा, वटवाघळाची विष्ठा आणि गंधक. विष्ठेतून सोरा निघतो. नुसता कोळसा घातला की बंदुकीची दारू तयार. ठरावीक खर्च करा, ठरावीक फळ घ्या, ही समजूत कारखान्याच्या काळातली आहे, यज्ञाच्या नव्हे.

खेळांत जादूची शक्ती मोजायला वापरतात त्या 'माना' या शब्दाचीही तीच गत. (आपल्या 'मन'शी त्याचं काही नातं नाही.) मूळ शब्द पॅसिफिक बेटांवरचा, माणसात किंवा वस्तूत असलेल्या प्रभावाचा. १८९१मध्ये मिशनरी कॉड्रिंग्टन यांच्या लेखनातून तो युरोपीय अभ्यासकांत रुळला. पुढे अनेक खेळांत तो टाकीतलं इंधन होऊन बसला: इतकं उरलं, इतकं भरलं.

मंत्राच्या थोडा जवळ जातो तो १९८७चा 'आर्स मॅजिका' हा खेळ. त्यात जादू लॅटिन व्याकरणावर चालते: पाच क्रियापदं, दहा नामं. 'क्रिओ इग्नेम', म्हणजे अग्नी निर्माण करतो. हा 'इग्निस' आपल्या 'अग्नी'चा सख्खा नातलग. पण पाच गुणिले दहा म्हटलं की पुन्हा कोष्टकच हाती येतं.

म्हणून मी 'प्रयोग' सुचवेन. जारणमारणाचा प्रयोग असतो, प्रयोगशाळेतला असतो आणि सोंग घेऊन बसलेल्यांना शोभेल असा नाटकाचाही असतो. पानभर नियम वाचून झाल्यावर खेळाडू सहज म्हणू शकेल, "थांबा रे, माझा आज एकच प्रयोग उरलाय."