मोसंबीला एक डाग पडला की दोन-तीन दिवसात अख्खं फळ पिलपिलं कसं काय होतं?

तुम्ही विचारलंय की क्रेटमधल्या मोसंबीला आधी बारीक डाग दिसतो आणि दोन-तीन दिवसात दाबलं की अंगठाच आत जातो, तर बुरशी एवढ्या पटकन सगळं फळ खाते का, आणि फ्रीजमध्ये ठेवलं तर थांबतं का. खात नाही हो, एवढ्या लवकर तिला खाऊन होणारच नाही. ती आधी फळाची शिवण उसवते, खाणं मागून निवांत चालू असतं.

मी संभाजीनगरला मायक्रोबायोलॉजी केलं, आता ज्यूसच्या युनिटात क्वालिटीचं बघतो, त्यामुळं हे रोजचंच आहे. फळातल्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या मुख्यतः पेक्टिनमुळं, तेच ते जॅम घट्ट करायला टाकतात ते. गॅलॅक्टुरोनिक आम्लाचे तुकडे एकापुढं एक जोडलेली लांबच लांब साखळी, आणि अशा साखळ्या शेजारी शेजारी आल्या की मधे कॅल्शियम बसून त्यांना धरून ठेवतं. मोसंबीच्या सालीत हे ठासून भरलेलं असतं.

आता मोसंबीवरची हिरवी बुरशी, म्हणजे पेनिसिलियम डिजिटॅटम, तिला काही तोंड नाही, म्हणून ती एन्झाइम बाहेर सोडते आणि जे विरघळेल ते शोषून घेते. त्यातलं मुख्य एन्झाइम पॉलिगॅलॅक्टुरोनेज, आम्ही नुसतं पीजी म्हणतो. त्याच्या अंगावर एक लांबट खाच असते, पेक्टिनची साखळी त्या खाचेत बसते आणि तिथं पाण्याचा एक रेणू वापरून दोन तुकड्यांमधला जोड तोडला जातो. यात दोन प्रकार, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथंच आहे बघा. एक प्रकार टोकापासून एकेक तुकडा काढत बसतो, दुसरा साखळीला मधेच कुठंही कापतो. वाकळीचा दोरा टोकाकडून ओढत बसलात तर दिवस जाईल, पण कात्रीनं मधे मधे चार ठिकाणी कापला की अख्खी वाकळ हातात सुटी होते, दोरा मात्र जवळपास तेवढाच शिल्लक. म्हणून थोडेसेच जोड तुटले तरी फळ लिबलिबीत होतं.

पण पीजीला एक अडचण असते. पेक्टिनवर जागोजागी मिथाइल गट चिकटलेले असतात, तिथं त्याला धड कापता येत नाही. मग दुसरं एन्झाइम, पेक्टिन मिथाइलएस्टरेज, ते गट काढून टाकतं. गंमत म्हणजे नुसतं एवढंच झालं तर त्या मोकळ्या जागी कॅल्शियम येऊन बसतं आणि पेक्टिन उलट जास्तच घट्ट होतं! बुरशीकडं त्यालाही तोड आहे, ती सायट्रिक आम्ल सोडते, ते कॅल्शियम ओढून घेतं आणि आजूबाजूचा आंबटपणाही पीजीला मानवेल असा करून देतं. लई हुशार जात आहे.

झाडंही गप्प बसत नाहीत, बऱ्याच झाडांच्या पेशीभित्तिकेत पीजीला अडवणारं प्रथिन असतं. त्यानं कापणं मंदावलं की साधारण 10 ते 15 तुकड्यांच्या साखळ्या शिल्लक राहतात आणि त्या ओळखून झाड सावध होतं. तोडून आठवडा झालेल्या फळाकडून मात्र फार अपेक्षा नको.

हेच एन्झाइम आम्ही डब्यातून विकत आणतो, ॲस्परजिलस नायजर नावाच्या काळ्या बुरशीपासून बनवलेलं. पेरूचा रस 45-50 अंशाला ठेवून त्यात घालायचं, गढूळपणा खाली बसतो. काम झालं का ते बघायला थोड्या रसात आम्ल घातलेलं अल्कोहोल मिसळतो, जेलीसारखे धागे वर तरंगले तर पेक्टिन अजून बाकी आहे, मग थांबा अजून.

फ्रीजचं म्हणाल तर बुरशी मंदावते, थांबत नाही, आणि सैल झालेला भाग परत घट्ट होत नाही. त्यापेक्षा तोडणीकडं लक्ष द्या. हिरवी बुरशी जखमेतूनच आत शिरते, म्हणून फळ ओढून तोडू नका, देठ कात्रीनं कापा, क्रेटमध्ये वरून टाकू नका. डागाळलेलं फळ हळूच उचलून बाहेर काढा, त्याची हिरवी पूड उडाली की बाकीच्यांवर बसते. आणि निळसर बुरशी दिसली तर शेजारची फळंही वेगळी करा, ती नुसती चिकटूनसुद्धा दुसऱ्या फळात जाते.