उलवे, जेवर, कन्साई: विमानतळाबद्दल तीन प्रश्न

खाडीकाठचा आपला नवी मुंबई विमानतळही जपानच्या कन्साई विमानतळासारखा खचेल का? (उलवे)

तसा नाही. कन्साई म्हणजे भर समुद्रात, सुमारे 18 मीटर पाण्यात भराव टाकून केलेलं बेट. 1994 साली ते सुरू झालं. वरचा चिखल वाळूचे उभे निचरे (चिखलातलं पाणी बाहेर काढणाऱ्या वाटा) घालून आधीच घट्ट केला होता, पण त्याखालचे खोल थर दबतच राहिले. म्हणून टर्मिनलचे खांब जॅकने उचलून खाली पोलादी पट्ट्या सरकवाव्या लागतात.

इथे उलव्याची टेकडी फोडून तोच दगड भरावाला वापरला. अशा जागी खरी काळजी असते ती कातळ संपून चिखलावरचा भराव सुरू होतो त्या सांध्याची. एक बाजू हलत नाही, दुसरी बसत जाते. धावपट्टीला लाट येते, पाणी साचतं. यावर उपाय म्हणजे उभे निचरे घालायचे, जादा भरावाचं ओझं काही महिने ठेवायचं आणि रोजची मोजणी जवळपास स्थिरावली की मगच फरसबंदी करायची. इथे घाई करूच नये. उलवे नदीही वळवली आहे, तेव्हा पावसाळ्याआधी नव्या पात्रातला गाळ काढणं हे धावपट्टीच्या देखभालीइतकंच महत्त्वाचं.

नवी मुंबई आणि दिल्लीजवळचा जेवर (उत्तर प्रदेश), दोन्ही विमानतळ खासगी कंपन्यांकडे आहेत. मग फरक काय? (खारघर)

बोलीचा. इथे 2017 मध्ये महसुलाचा सर्वाधिक वाटा, 12.60 टक्के, देणारी बोली जिंकली. जेवरला 2019 मध्ये झ्युरिक विमानतळ कंपनीने दर प्रवाशामागे 400.97 रुपये देऊ केले. महसूल-वाट्यात दुकानं, पार्किंग, जाहिराती यांचा हिशेब तपासत बसावं लागतं. प्रवासी मात्र मोजता येतात, म्हणून जेवरची पद्धत जास्त स्वच्छ वाटते.

पुनर्विकासात विमानतळ प्राधिकरणाकडून 70 मीटर उंचीचं ना-हरकत पत्र मिळालं. तेवढी इमारत बांधता येईल? (पनवेल)

नाही. ही उंची समुद्रसपाटीपासून धरतात. भूखंड 12 मीटरवर असेल तर हातात 58 मीटर उरतात, आणि त्यातच पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, अँटेना, वीजवाहक सगळं बसवायचं. वास्तुविशारदाने गच्चीपर्यंतच मोजलं तर टाकीपाशी अडतं. अर्जाला जागेच्या उंचीचा आणि अक्षांश-रेखांशांचा दाखला लागतो. सर्वेक्षकाकडून तो नीट तपासून घ्या. बांधकामाची क्रेन इमारतीपेक्षा उंच जाणार असेल, तर तिचीही परवानगी आधीच काढा.