दहावीनंतरची सुट्टी अन् मोटर वाइंडिंग

प्रश्न : आमच्या पोट्ट्याची दहावीची परीक्षा झाली, तो म्हणते गावातल्या मोटर रिवाइंडिंगच्या (जळालेल्या मोटरची तार नव्यानं गुंडाळायच्या) दुकानात दोन महिने शिकतो, त्याचे बाबा म्हणतात हे तर बालमजुरी झालं. पाठवू का? वय पंधरा पूर्ण.
– एक आई, दारव्हा तालुका, यवतमाळ

उत्तर : ताई, पाठवा, पण बघून. बालमजुरी कायद्यात 2016 ला झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत तेवढी चालते, अन् चौदा ते अठरापर्यंत फक्त धोक्याच्या कामांना बंदी आहे. म्हणून दुकानदार भाऊंना आधीच स्पष्ट सांगा की जुनी तार काढणं, स्लॉटात (तार बसते त्या खाचेत) कागद बसवणं, गुंडाळीचे वेढे मोजून वहीत लिहिणं, स्टार्टरचं कनेक्शन समजून घेणं हे सगळं करू द्या, पण चालू लाइनवर हात नाही, विहिरीवर मोटर काढायला नेणं नाही, अन् वार्निशचा वास कोंडलेल्या खोलीत तर बिलकुल नाही. थ्री फेज म्हणजे 415 व्होल्ट, तिथं गंमत नसते बावा!

दोन महिने नुसता चहा आणायला धाडत असतील तर सरळ घरी बोलवा. वही मात्र रोज लिहायला लावा, कोणती मोटर आली, काय जळलं होतं, का जळलं. पुढं आयटीआयला इलेक्ट्रिशियन घेतलं (दोन वर्षांचा कोर्स आहे) तर त्याला कामी येईल. रीतसर अप्रेंटिसशिपही कायद्यानं चौदापासून चालते, धोक्याच्या ट्रेडला अठरा लागतात. पैशाचं काय ते पहिल्याच दिवशी बोलून घ्या, अन् निकाल लागला की अॅडमिशनच्या तारखा चुकवू नका.